ग्रामीण मेथडिस्ट चर्चच्या नोंदी आणि इतिहासलेखन : टॉलपडलच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
ग्रामीण चर्चचा इतिहास हा विषय बहुधा दुय्यम मानला जातो. इमारत केव्हा उभी राहिली, पाद्री कोण होते, शताब्दी कशी साजरी झाली, एवढ्यावर असे इतिहास सामान्यतः थांबतात. वि. का. राजवाडे यांच्यामुळे मराठी अभ्यासकाला अस्सल कागदाचे महत्त्व परिचित आहे. परंतु अस्सल कागदही अपुरा असू शकतो. इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल या खेड्याच्या आधारे या अपुरेपणाचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नोंदींचे स्वरूप व मर्यादा :
जॉन वेस्ली (१७०३-१७९१) यांच्या चळवळीत १७४२ पासून सभासदांचे छोटे वर्ग पाडण्यात आले. वर्गप्रमुख दर आठवड्याला प्रत्येकी एक पेनी वर्गणी घेई, तर तिमाहीस सभासदाला तिकीट मिळे. अनेक गावांची चॅपले मिळून एक सर्किट होत असे. नियुक्त धर्मोपदेशक प्रत्येक गावी दर रविवारी पोहोचू शकत नसल्याने बरीचशी प्रवचने शेतमजूर, कारागीर अशा स्थानिक उपदेशकांकडे येत. कोणत्या रविवारी कोणत्या गावी कोणी बोलावे, हे ‘प्लॅन’ नावाच्या पत्रकावर छापलेले असे.

या कागदांना कायद्याने घातलेल्या मर्यादाही होत्या. १७५३ च्या विवाह कायद्यामुळे १८३७ पर्यंत मेथडिस्टांचे विवाह अँग्लिकन चर्चमध्येच लागत. त्यामुळे एकाच कुटुंबाचा बाप्तिस्मा चॅपलच्या वहीत आणि विवाह अँग्लिकन चर्चच्या वहीत सापडतो. १८४० च्या कायद्यानुसार अशा अनेक बाप्तिस्मा नोंदवह्या लंडनला महानिबंधकांच्या ताब्यात गेल्या. ३० मार्च १८५१ च्या धार्मिक गणनेत उपासनेची उपस्थिती मोजली गेली. सकाळी चर्चला व सायंकाळी चॅपलला जाणारी व्यक्ती दोनदा धरली गेली. यास्तव केवळ आकड्यांवरून चॅपलचे बळ ठरविणे धोक्याचे आहे.

टॉलपडलचा अनुभव :
टॉलपडल येथे १८१८ साली वेस्लियन चॅपल उभे राहिले. शेतमजूर जॉर्ज लव्हलेस व त्याचा भाऊ जेम्स हे तेथील स्थानिक उपदेशक होते. मजुरी आठवड्याला नऊ शिलिंगांवरून सातवर आली व पुढे सहावर येण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा १८३३ मध्ये मजुरांनी संघटना स्थापन केली. संघटना स्थापणे हा तेव्हा गुन्हा नव्हता; म्हणून गुप्त शपथांविरुद्धच्या १७९७ च्या कायद्याचा आधार घेण्यात आला. मार्च १८३४ मध्ये सहा जणांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जनमताच्या दडपणामुळे १८३६ मध्ये त्यांना माफी मिळाली.

येथे नोंदींचा प्रश्न ठळक होतो. सर्किटच्या कागदात लव्हलेस उपदेशक आहे, न्यायालयाच्या कागदात आरोपी आहे, आणि १८३७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तिकेत तो स्वतः बोलतो. प्लॅनवर मजुरीचा उल्लेख नसणे स्वाभाविक आहे. त्यावरून चॅपल मजुरीबाबत उदासीन होते, असा निष्कर्ष काढता येत नाही. तसेच जेबेझ बंटिंगसारख्या वेस्लियन नेत्यांच्या सनातनी राजकारणावरून खेड्यातील सभासदाचे मत ठरविता येत नाही.

स्त्रियांचे मौन याहून खोल आहे. १८०३ च्या वेस्लियन परिषदेने स्त्रियांच्या उपदेशावर कठोर निर्बंध घातले. वेस्लियन प्लॅनवरील त्यांची अनुपस्थिती हा त्या नियमाचा परिणाम होय. प्रिमिटिव्ह मेथडिस्ट पंथात स्त्रिया उपदेश करीत होत्या, हे लक्षात घेतल्यास हे मौन घडविलेले होते, हे उघड होते. शिक्षा झालेल्यांच्या कुटुंबांना गावच्या गरीब-निधीतून मदत नाकारण्यात आली. परंतु त्या घरांतील स्त्रियांची बाजू चॅपलच्या कागदांतून ऐकू येत नाही.

इतिहासकारांची भूमिका :
मेथडिझममुळे इंग्लंडमध्ये क्रांती टळली, असे एली हालेव्ही यांनी मांडले. ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६३ च्या ग्रंथात या धर्माने कामगाराला लावलेल्या शिस्तीवर कठोर टीका केली. रॉबर्ट वेअरमथ यांनी १९३७ मध्ये कामगार चळवळीवरील मेथडिझमचे ऋण दाखविले. या तिन्ही मांडण्या मौलिक आहेत. मात्र त्यांचा प्रश्न राष्ट्राच्या पातळीवरचा आहे. खेड्यातील कागद अधिक साधा प्रश्न विचारतात : हिशेब ठेवणे, सभा चालविणे, जमावापुढे बोलणे हे मजूर कोठे शिकला? आठवड्याची पेनी व तिमाही तिकीट यांचे संघटनेच्या वर्गणीशी साम्य सहज दिसते. १८७२ मध्ये शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभारणारे जोसेफ आर्च हेही प्रिमिटिव्ह मेथडिस्ट उपदेशक होते. असे असले तरी साम्य म्हणजे कारण नव्हे, ही सावधगिरी आवश्यक आहे.

समारोप :
टॉलपडलची स्मारक कमान १९१२ साली १८६० च्या दशकातील नव्या चॅपलसमोर उभारली गेली. सहा जणांच्या काळातील मूळ चॅपल मात्र दीर्घकाळ तबेला व कोठार म्हणून वापरात होते. गौरव झाला तो घटनेचा. ज्या साध्या जागेत ती माणसे घडली, ती मागे राहिली. १९३२ च्या एकीकरणानंतर अनेक खेड्यांत दोन-दोन चॅपले एकाच चर्चची झाली आणि पुष्कळ बंद पडली. बंद होणाऱ्या चॅपलची दप्तरे अभिलेखागारात पोहोचली नाहीत, तर मजुराने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मोजक्या कागदांपैकी काही कायमचे नष्ट होतात. म्हणून हे कागद जतन करणे आणि ते कोणी, कशासाठी व कोणाला वगळून लिहिले हे विचारणे, ही दोन्ही कामे इतिहासकाराने एकत्रच केली पाहिजेत.