‘रंगीला’ : जोश्यांची मिली आणि थिएटरबाहेरचा मुन्ना

राम गोपाल वर्मा यांच्या ‘रंगीला’वर (१९९५) लिहिताना बहुतेकांची लेखणी रहमानचे संगीत आणि ऊर्मिला मातोंडकरचे कपडे यांपाशीच थांबते. मला त्यातली माणसे पोटासाठी काय करतात, हे पाहावेसे वाटते.

मिली जोशी नायिकेमागच्या रांगेत नाचते. मुन्ना थिएटरबाहेर तिकिटे ब्लॅकने विकतो. दोघांचेही पोट सिनेमावरच; ती पडद्याच्या कडेला, तो फुटपाथवर. पडद्याच्या मधोमध उभा असलेला राजकमल त्यांच्यात येतो, तेव्हा हा नुसता प्रेमाचा त्रिकोण राहत नाही. एकाच धंद्याच्या तीन पायऱ्या दिसू लागतात. पंचतारांकित हॉटेलात पिवळाधमक पोशाख घालून आलेला मुन्ना वेटरला एसी आपल्याकडे वळवायला सांगतो. थिएटर खदखदून हसते. मला तो प्रसंग विनोदाइतकाच बोचरा वाटतो, कारण आपली पायरी उघडी पडते आहे हे मुन्नाला कळत नाही आणि आपल्याला कळते.

चाळीस वर्षांपूर्वीच्या ‘श्री ४२०’मध्ये अलाहाबादहून मुंबईत आलेला राज इमानदारीचे पदक गहाण टाकतो, ठकांच्या संगतीत श्रीमंत होतो, आणि शिक्षिका असलेली विद्या त्या पैशाकडे पाठ फिरवते. तिथे यश म्हणजेच पाप. ‘रंगीला’त यशाला तो डाग नाही. मुलगी सिनेमात नाचते म्हणून जोश्यांच्या घरात आकांतही होत नाही. रीमा लागू आणि अच्युत पोतदार हे आईबाप म्हणजे आपल्या शेजारचेच. सिनेमातल्या बाईविषयी पांढरपेशा मराठी घरांनी बाळगलेली जुनी अढी इथे भाषण न ठोकता सैल केली आहे, आणि त्याचे श्रेय या चित्रपटाला फारसे कुणी दिलेले नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. मिलीला संधी मिळते ती नायिका चित्रपट सोडून गेल्यामुळे आणि राजकमलच्या नजरेत भरल्यामुळे. तो समुद्रकिनारी तिला नाचताना पाहतो, मगच दार उघडते. नजर पडली नसती तर? रांगेतल्या बाकीच्या मुलींकडे कॅमेरा वळतच नाही. तिच्या मेहनतीचा हिशेब चित्रपट टाळतो. मुन्नाच्या न्यूनगंडाचा मात्र बारकाईने मांडतो. म्हणून शेवटी तिच्या वाटेतून बाजूला व्हायला निघालेला मुन्नाच अधिक खरा वाटतो.

दोनच वर्षांनी दिल्लीत पहिले मल्टिप्लेक्स उघडले. मुन्नाचा धंदा त्यानंतर फार काळ टिकणारा नव्हता. मिली तारका झाली, तेव्हा त्याने काय विकले असते, हे वर्मांनी दाखवलेले नाही.