एक रंग, एक बाण

भाचा सुट्टीत चिखल्याला आला की संगणक सोबत आणतो. 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४' हा स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीचा २०१३ सालचा खेळ मी आधी त्याच्या मागे उभा राहून पाहिला, मग स्वतः खेळलो. काळ १४४४ ते १८२१, पुढ्यात अवघ्या जगाचा नकाशा. हवे ते राज्य घ्यायचे, व्यापार आणि मुलूखगिरी करायची. इतिहासाचे पुस्तक तपासावे तसा मी तो तपासला, कारण भाच्याच्या वयाची कितीतरी मुले भूतकाळ आता इथूनच शिकत आहेत.

आधी श्रेय देतो. या खेळात मुलूख जिंकला म्हणजे काम संपले असे होत नाही. नवा प्रांत कारभारात मुरवायला प्रशासनाचे गुण खर्ची पडतात, तोवर बंडाळी सोसावी लागते. फार वेगाने गिळत सुटले तर शेजारी एकजूट करून अंगावर येतात. एवढा हिशेब आपल्या कित्येक बखरींत नाही.

माझी तक्रार रंगाविषयी आहे. इथे प्रांताला धनी एकच आणि म्हणून रंगही एकच. नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांनी १७५१ साली अलिवर्दीखानाशी तह केला, तेव्हा त्यांच्या पदरात बंगालची वार्षिक १२ लाखांची चौथाई आणि ओडिशाचा महसूल पडला. मात्र ओडिशाचा सुभेदार मीर हबीब कागदोपत्री नबाबाचाच राहिला. मग या सुभ्याला रंग कोणता द्यायचा? मराठ्यांची सत्ता जमिनीपेक्षा उत्पन्नातल्या वाट्यावर उभी होती. हा वाटा नकाशात भरता येत नाही, म्हणून खेळातला मराठा खेळाडू नकळत युरोपीय राजासारखा वागू लागतो.

दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. जगाचा व्यापार एका पेठेतून दुसऱ्या पेठेत बाणांनी वाहतो आणि हे बाण कायमचे ठरलेले आहेत. शेवटच्या पेठा तीनच: व्हेनिस, जिनोव्हा आणि इंग्लिश खाडी. हिंदुस्थानातून कितीही बलाढ्य राज्य उभारा, बाण उलटा फिरत नाही. जो प्रवाह तोफा, जकाती आणि तहांनी वळवला गेला, तो इथे नदीच्या उतारासारखा निसर्गदत्त होऊन बसतो.

खेळ १८२१ ला थांबतो. आमच्या भंडाऱ्याची गोष्ट त्यापुढची आहे. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. दत्तक मान्य झाला नाही आणि लढाईवाचून राज्य खालसा झाले. डलहौसीच्या १८५४ च्या टिपणात इथल्या कापसाचा आणि इंग्लंडच्या गिरण्यांचा उल्लेख उघड आहे. पण पायाखालचे मँगनीज त्याच्या हिशेबात नव्हते. १८९६ साली खनिजाच्या शोधासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट उभी राहिली, तिचीच पुढे ब्रिटिश 'सीपीएमओ' कंपनी झाली. स्वातंत्र्यानंतरही हा धनी एका दिवसात गेला नाही. १९६२ साली 'मॉईल' स्थापन झाली तेव्हा केंद्र आणि दोन राज्य सरकारांकडे मिळून ५१ टक्के भाग आले, ४९ टक्के 'सीपीएमओ'कडे राहिले. तेही १९७७ साली विकत घेतले गेले. एकाच खाणीत एक्कावन्न-एकोणपन्नास: पुन्हा वाटाच, आणि पुन्हा रंग भरता न येणारा.

या पट्ट्यातल्या मँगनीजयुक्त खडकाला भूवैज्ञानिक फर्मर याने 'गोंडाइट' नाव दिले, इथल्या गोंडांवरून. खेळात गोंडांची राज्ये आहेत. भाच्याने परवा त्यांतलेच एक घेऊन डाव मांडला. अर्ध्या रात्री मला उठवून विचारले, मामा, सगळा माल पश्चिमेलाच का जातो?