सेवेचा आठवडा आणि त्याचें वाङ्मय

परक्या लोकांत जाऊन सेवेसाठीं राहिलेल्या पतिपत्नींच्या लेखनाचा एक ठराविक सांचा असतो. रविवारीं प्रार्थना, सोमवारीं आजाऱ्यांची विचारपूस, बुधवारीं बायकांचा शिवणाचा वर्ग, शनिवारीं दूरच्या वस्तीवर फेरी. आणि शेवटीं, देवाच्या कृपेनें हाही आठवडा पार पडला, असें समाधान. अमेरिकेंत ॲरिझोनाच्या उजाड माळावर नव्हाहो लोकांत राहिलेलें वृद्ध मिशनरी जोडपें असो, कीं आपल्या सातपुड्यांतील दांपत्य असो, सांचा फारसा बदलत नाहीं. लिहिणाऱ्याचे कष्ट खरे असतात व हेतूही शुद्ध असतो. तरीपण वाचून झाल्यावर मनांत एक प्रश्न राहतो: ज्यांच्यासाठीं हा आठवडा खर्ची पडला त्यांना तो कसा वाटला? या प्रश्नाचें उत्तर आपल्या मराठी वाङ्मयांत कितपत सांपडतें, तें येथें पाहावयाचें आहे.

हा प्रश्न आम्हांस सुचण्याचें कारण आमचें गांव. अंजनगाव सुर्जी हें नांव इतिहासाच्या पुस्तकांत सन १८०३ च्या तहामुळें राहिलें. दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यामधील तो तह. गांवाच्या उत्तरेस गाविलगडचे डोंगर उभे आहेत व त्यांच्या पलीकडे मेळघाटांत कोरकूंची वस्ती आहे. तहनाम्यांत मुलुख व किल्ले यांची बोलणीं होतात; डोंगरांत राहणाऱ्यांस कोणी विचारीत नाहीं. पुढें तलवारीच्या जागीं औषधाची पेटी व पाटी-पुस्तक घेऊन माणसें आलीं. हा फरक लहान नव्हे. परंतु डोंगरांतील माणसाविषयीं दुसऱ्यानेंच बोलावें ही रीत मात्र तशीच चालत राहिली.

मिशनऱ्यांविषयीं बोलतांना न्याय सोडूं नये. आपल्या एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोरकूंसाठीं मिशन निघालें. सन १९०३ मध्यें जॉन ड्रेक यांचें कोरकू भाषेचें व्याकरण कलकत्त्यास छापून निघालें. कोरकू ही मुंडारी व संथाळी यांच्या कुळांतली भाषा; तिच्या बहिणी शेंकडों कोस पूर्वेस छोटा नागपुराकडे राहिल्या व ही एकटी पश्चिमेस आपल्या शेजारीं आली. शेजार जुना असूनही तिचे नियम शोधून मांडण्याची जिज्ञासा आमच्या वऱ्हाडी पंडितांस त्यापूर्वीं झाली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. नव्हाहोंच्या मुलुखांतही असेंच घडलें. तेथील सेंट मायकल्सच्या फ्रान्सिस्कन पाद्रींनीं सन १९१० मध्यें त्या भाषेचा मोठा कोश प्रसिद्ध केला. आमच्या मतें अशा व्याकरणांचें व कोशांचें मोल शंभर अहवालांहून अधिक आहे. कारण अहवालांत सेवक बोलतो, आणि व्याकरण लिहावयाचें तर त्यास आधीं गप्प बसून ऐकावें लागतें.

ऐकण्याची हीच कसोटी मराठी आत्मचरित्रांस लावली तर लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रे’ सर्वांच्या पुढें जातात. सन १९३४ पासून हें पुस्तक भागाभागानें प्रसिद्ध होऊं लागलें. त्यांतील विनोदाची, सरळपणाची व घरगुती भाषेची स्तुति पुष्कळ झाली आहे व ती यथार्थ आहे. पण त्याच्या थोरवीचें एक कारण सहसा कोणी सांगत नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं सन १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाई त्यांच्यासह गेल्या नाहींत. ताटातुटीचीं कांहीं वर्षें कंठून त्या नवऱ्याकडे आल्या, त्याही आपलें सोंवळें, आपली चूल व आपलें पाणी निराळें ठेवून. त्यांचा बाप्तिस्मा सन १९०० मधला. म्हणजे पुढें जी बाई मिशनऱ्याची पत्नी म्हणून दुसऱ्यांची सेवा करणार, ती आधीं स्वतःच उपदेशाचा विषय होती, आणि उपदेश करणारा तिच्याच घरांत जेवीत होता!

या एका गोष्टीनें पुस्तकाचा सूर ठरला आहे. आपल्या भल्यासाठीं कोणी आपणांस बदलूं पाहतो तेव्हां जीव कसा गुदमरतो, राग कसा येतो, आणि मग एखाद्या दिवशीं आपलें मन आपणच कसें उघडतें, हें लक्ष्मीबाईंनीं अंगावर सोसलेलें आहे. म्हणून त्यांच्या लेखणींत उपकाराची ऐट नाहीं. टिळकांचें औदार्य जगानें व्यासपीठावरून पाहिलें; बाईंनीं तें रिकाम्या डब्यांच्या बाजूनें पाहिलें. सन १९१७ मध्यें टिळकांनीं मिशनचा पगार सोडला व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. चरित्रकार त्यास त्याग म्हणेल व त्यांत चूक कांहीं नाहीं. पण त्या त्यागाचा हिशेब आठवड्याच्या बाजारीं कोणास जुळवावा लागतो, तें ‘स्मृतिचित्रे’ वाचणारास निराळें सांगावें लागत नाहीं. नवऱ्यावरील भक्ति तसूभरही कमी न होतां ही तक्रार हंसत हंसत केलेली आहे. सेवा दोघांची असते व मान बहुधा एकाचा, हें सत्य इतक्या गोडव्यानें मराठींत दुसऱ्या कोणीं सांगितल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं.

तथापि एक उणीव नमूद करावीशी वाटते. ज्या गोरगरिबांत टिळक दांपत्यानें काम केलें ते या पुस्तकांत येतात, हंसवितात, रडवितात. परंतु ते टिळकांच्या अंगणांत आले तरच आपणांस दिसतात. घरीं परतल्यावर ते काय बोलत असतील याचा मागोवा नाहीं. तो शोध गोदावरी परुळेकरांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकांत घेतला. शामराव व गोदावरी हेंही दांपत्यच. धर्म सांगण्यास नव्हे तर संघटना बांधण्यास ठाण्याच्या वारल्यांत गेलेलें. लग्नाच्या कर्जापायीं जन्मभर राबणारा लग्नगडी सन १९४५ मध्यें वेठ नाकारतो, तो क्षण या पुस्तकाचा प्राण आहे. जागा होणारा माणूस वारली आहे, जागविणारे लेखिका व त्यांचे पति नव्हेत, हें नांवावरूनच कळतें. मात्र येथें दुसरी बाजू सुटते: परुळेकरांच्या घरची चूल आपणांस फारशी दिसत नाहीं. लक्ष्मीबाईंजवळ चूल आहे, गोदावरीबाईंजवळ वस्ती आहे. दोन्ही एकत्र असलेलें पुस्तक अजून व्हावयाचें आहे.

तें कोठें होईल असें विचाराल तर आम्ही आमच्या उत्तरेच्या डोंगरांकडे बोट दाखवूं. मेळघाटांत बैरागडास डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्यानें सन १९८० नंतरच्या दशकांत वैद्यकीय सेवेस आरंभ केला व सन १९२० च्या दशकांतील मिशनरीही थकतील इतकीं वर्षें ती चालविली. सन २०१९ मध्यें दोघांस पद्मश्री मिळाली. वर्तमानपत्रांनीं त्यांची कथा पुनःपुन्हा सांगितली, आणि तींत वधूस घातलेल्या अटी हटकून येतात: चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी, चारशें रुपयांत महिना, पांच रुपयांत लग्न. कथा स्फूर्तिदायक आहे यांत शंका नाहीं. पण अटी घालणाऱ्याइतकेंच त्या मान्य करणारीचें मन मोठें असतें, आणि त्या दारीं रात्री मूल घेऊन आलेल्या कोरकू आईचें मन कोणत्याच वृत्तांतांत नसतें. डॉक्टरीणबाईंस ती कोणत्या नांवानें हांक मारते, औषधावर तिचा विश्वास कोणत्या दिवशीं बसला, कीं बसलाच नाहीं, हें तिच्याकडूनच कळावयास हवें.

सेवकांनीं लिहूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांनीं लिहावेंच, पण लक्ष्मीबाईंप्रमाणें, आपणही कधीं कोणाच्या उपदेशाचा विषय होतों याची आठवण ठेवून लिहावें. आणि मेळघाटांतील शाळेंत शिकलेल्या एखाद्या कोरकू मुलीनें उद्यां आपल्या भाषेंत किंवा आपल्या मराठींत आपला आठवडा लिहिला, तर टीकाकारांनीं तो स्फूर्तीसाठीं नव्हे, माहितीसाठींही नव्हे, तर वाङ्मय म्हणून वाचावा. अहवालांनीं अर्धवट ठेवलेलें वाक्य तेव्हां पुरें होईल.