नाव न मिळालेला आजार

कर्करोगाने मरणारा नायक आपल्या मध्यमवर्गाला फार भावतो. १९७१ च्या ‘आनंद’ चित्रपटातील नायकाला आतड्याचा लिम्फोसार्कोमा असतो आणि ते भारदस्त नाव तो हसत हसत सांगतो. प्रेक्षक रडतात. त्या रडण्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न एवढाच, की त्याला हे नाव कळले कसे? गाठीचा तुकडा काढायचा, फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचा, मेणात बसवून केसाहून पातळ कापायचा, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, तेव्हा कुठे नाव मिळते. कथेत हे सारे गृहीत आहे. असे गृहीत धरता येणे हीसुद्धा एक मालमत्ताच आहे.

कडेगावात माझ्या चुलतीच्या अंगावरून लाल जात होते. वस्तीने ‘बाहेरचे’ म्हटले. उसाच्या खुरपणीचा रोज बुडवून आम्ही तिला एका दवाखान्यात नेले. तुकडा काढून बाटली माझ्या हाती दिली. बाटलीत फॉर्मॅलिन नव्हते, साधे सलाईन होते. दोन दिवस सुट्टीचे गेले. अहवाल आला : तुकडा कुजला आहे, मत देता येत नाही. “काय निघालं रं त्यात?” चुलतीने विचारले. मी गप्प राहिलो. पुन्हा तुकडा द्यायला ती तयार झाली नाही. तिच्या केसपेपरवर शेवटपर्यंत ‘गाठ?’ एवढेच राहिले.

मी शास्त्रज्ञ नाही, वाचक आहे. म्हणून एक वैद्यकीय निबंध मी साहित्यासारखा वाचला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. २००९ मध्ये तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. तीन गटांची वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्याला फक्त माहिती दिली गेली. एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू चौथ्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते.

हे मोठे काम आहे, ते मी नाकारत नाही. त्यात सहभागी असलेल्या बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने तर १९८७ पासून खेड्यांतील कर्करोगाची नोंद ठेवली. देशातील ग्रामीण भागाची ती पहिली नोंदणी. पण चौथ्या गटाला जे मिळाले त्याला निबंधात ‘नेहमीची सेवा’ म्हटले आहे. कुठली सेवा? तिथे नेहमीचे होते ते तपासणी नसणे. पुढे यावर नैतिक आक्षेप घेतले गेले. बचाव असा, की देशात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता, तेव्हा कुणाचे काही हिरावले नाही. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. पाणवठा तुमचा कधी नव्हताच, मग तुमचे काय गेले, असेच आपल्याला सांगितले जात होते. अभाव हीच रीत मानली, की अन्याय आकडेवारीत सभ्य दिसू लागतो.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या आत्मकथनांनी भूक मांडली, पाणी मांडले, मार मांडला. पण आमच्या बायकांच्या अंगावरून जाणारे रक्त तिथे मला फार थोडे दिसते. लाज आडवी आली असेल. प्रस्थापितांना गृहीतकांचा जाब विचारणाऱ्या साहित्याने आपल्या मौनाचाही जाब दिला पाहिजे.

चुलतीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आजही नाही. निदान तो प्रश्न तरी मी लिहून ठेवतो आहे.