टेपच्या गोंदाला समतोल माहीत नसतो

झिगांग सुओ यांचा 2010 सालचा 'थिअरी ऑफ डायइलेक्ट्रिक इलॅस्टोमर्स' हा लेख या विषयात नव्याने येणाऱ्यांना बहुधा सगळ्यात आधी वाचायला दिला जातो. द्यायलाच हवा. पण माझी त्याच्याबद्दल एक तक्रार आहे.

आधी विषय काय ते बघू. रबराचा पातळ पापुद्रा घ्या, दोन्ही बाजूंना कार्बनचं ग्रीस फासा आणि काही हजार व्होल्ट द्या. पापुद्रा चेपतो आणि आडवा पसरतो. विद्युतभारामुळे रबर ताणलं जातं हे रॉन्टगेनने (हो, तेच क्ष-किरणवाले) 1880 मध्येच दाखवलं होतं. पाठ्यपुस्तकी उत्तर असं की दोन बाजूंचे विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. पण नुसतं तेवढंच धरलं तर दाब निम्माच निघतो. उरलेला निम्मा परिणाम एकाच बाजूवरचे सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात त्याचा.

सुओ या वादात शिरतच नाहीत. रबराच्या पोटात 'विद्युत बल' नेमकं कुठे बसलंय, हा प्रश्नच ते बाजूला ठेवतात. टांगलेलं वजन, त्याचं सरकणं, बॅटरीचं व्होल्टेज आणि वाहिलेला भार, या चार गोष्टी मोजता येतात; बाकी सगळं मुक्त ऊर्जेतून काढा. लेखातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

आणि यातून बरंच काही मिळतं. पापुद्रा पातळ झाला की त्याच व्होल्टेजला आतलं क्षेत्र वाढतं, म्हणजे तो आणखी चेपतो. सगळ्यात साधं रबर-मॉडेल (निओ-हुकियन) घेतलं आणि परमिटिव्हिटी स्थिर धरली, तर लांबी 1.26 पट झाली की पापुद्रा हात टेकतो. क्षेत्रफळ तेव्हा जेमतेम 59 टक्के वाढलेलं असतं. मग 2000 साली पेलरिन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये 200 टक्क्यांहून जास्त वाढ दाखवली ती कशी? त्यांनी पापुद्रा आधीच ताणून चौकटीवर बसवला होता. रबराच्या साखळ्या मर्यादेजवळ गेल्या की ताठर होतात आणि कोसळणं टळतं. हे सिद्धान्तात चपखल बसतं.

आता तक्रार. हे विक्रम ज्यावर झाले ते व्हीएचबी 4910 म्हणजे मुळात चिकटपट्टी! गोंदच तो, सावकाश सरकत राहणं त्याच्या स्वभावातच आहे. व्होल्टेज स्थिर ठेवा, तरी पापुद्रा कितीतरी मिनिटं पसरतच राहतो. लेखाचा मुख्य भर मात्र समतोलावर. व्होल्टेज आणि ताण यांच्या त्या सुंदर वक्रात वेळ कुठेच नाही.

बिघडतं काय त्याने? कोसळण्याचं व्होल्टेज कडकपणाच्या, म्हणजे म्यूच्या, वर्गमुळाप्रमाणे बदलतं. पट्टी झटकन ताणून म्यू मोजला तर जास्त येतो, हळू ताणून मोजला तर कमी. समजा तो निम्मा आला, तर तुमचं 'सुरक्षित' व्होल्टेज साधारण 30 टक्क्यांनी खाली येतं. म्हणजे सुरुवातीला ठणठणीत असलेला पापुद्रा, नॉबला हातही न लावता, थोड्या वेळाने फुटू शकतो. सुओंना याची कल्पना नसेल असं मुळीच नाही. पण 'आदर्श डायइलेक्ट्रिक इलॅस्टोमर' हा शब्द इतका सोयीचा आहे, की तो उचलणारे आपण (मीही त्यात आलोच) हे सोयीस्कर विसरतो. परमिटिव्हिटीचंही तसंच. ताणलेल्या व्हीएचबीत काहींना ती जवळजवळ स्थिर सापडली, काहींना बरीच घटलेली.

सिलिकोन घेतलं तर सरकणं खूपच कमी, आणि सिद्धान्त जास्त अंगाबरोबर बसतो. त्यामुळे व्हीएचबीवरचा एखादा पेपर हातात आला, आणि त्यात सिद्धान्त आणि प्रयोग हुबेहूब जुळलेले दिसले, तर आधी पद्धतीच्या विभागात जा आणि ताणण्याचा वेग शोधा. तो दिलेलाच नसेल, तर त्या आलेखातला म्यू नेमका किती सेकंदांचा आहे हे लेखकांना ईमेल करून विचारा.