एका बाकावरचे दोघे

दिंडोरीच्या आमच्या वर्गात मी ‘माझा आवडता सण’ हा निबंध घातला होता. एका मुसलमान मुलाने ईदेवर लिहिले, एका ख्रिस्ती मुलाने नाताळावर. दोघे एकाच बाकावर बसतात. दोघांच्याही निबंधात हिंदू मित्र घरी आले होते. बाकावरचा शेजारी मात्र कोणाच्याच घरी आला नव्हता.

मराठी वाङ्मयाचेही असेच झाले आहे, असे मला वाटते. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ १६४५ चा. दोघांनीही ओवीच हाती धरली, कारण दोघांचाही श्रोता ओवीवर वाढलेला. पण ओवीत भेटलेले हे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. त्या काळाला त्याचा दोष देता येणार नाही. तेव्हा प्रजेने एकमेकांशी कसे नांदावे, हे बरेचसे राज्यकर्ते ठरवीत.

२६ जानेवारी १९५० पासून ती सबब उरली नाही. आता दोघेही सारखेच नागरिक. तरी आमची पुस्तके पाहा. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई टिळकांनी हिंदू-ख्रिस्ती घराची ताटातूट आणि पुनर्भेट रंगविली, हमीद दलवाईंनी ‘इंधन’मध्ये (१९६५) कोकणातल्या हिंदू-मुसलमानांचा ताण मांडला. दोन्ही थोर पुस्तके. पण दोन्हींतले मुख्य बोलणे थोरल्या घराशीच आहे. ख्रिस्ती साहित्य संमेलने भरत आली. १९९० साली सोलापुरास पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मोठ्या पंगतीत पाट मिळत नव्हता, म्हणून वेगळी पंगत मांडावी लागली, हे मी जाणतो. पण त्या दोन पंगतींनी एकमेकींना वाढले किती?

सांगण्यासारखे काही नाही म्हणावे, तर कुराणातील एकोणिसाव्या अध्यायाचे नावच ‘मरियम’. तीच येशूची माता मरीया. येशूला एक पैगंबर मानतो, दुसरा देवपुत्र. हा भेद लहान नाही आणि तो झाकूही नये. पण कादंबरीला भेदाचे वावडे कधीपासून झाले?

दुसऱ्याकडे बोट दाखविण्याआधी कबूल करतो: माझ्याही कादंबरीत मुसलमान येतो तो शिरखुर्म्यापुरता, ख्रिस्ती येतो तो केकपुरता; आणि दोघेही येतात ते माझ्या हिंदू नायकाचे मन किती मोठे, हे दाखवायला.

यंदा मी निबंधाचा विषय बदलला : ‘शेजाऱ्याचा सण’. तो मुसलमान मुलगा म्हणाला, ‘‘गुरुजी, याच्या घरी मी कधी गेलोच नाही. काय लिहू?’’

मी म्हणालो, ‘‘मग आधी जाऊन ये. निबंध उशिरा दिलास तरी चालेल.’’