'आमच्याकडे या' म्हणणारं पान

आज ज्या मजकुराविषयी बोलणार आहे त्याला कुणी वाङ्मय म्हणत नाही, त्यामुळे त्याची समीक्षाही कुणी करत नाही. पण आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत तो जितक्या गांभीर्यानं वाचला जातो, तितक्या गांभीर्यानं दिवाळी अंकातली कथा वाचली जात असेल असं मला वाटत नाही. मी म्हणतोय ते तंत्रज्ञान कंपन्यांच्या संकेतस्थळावरचं 'करिअर्स' हे पान.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात जाहिरात संस्थेत आहे. एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी असं संकेतस्थळ करायचं काम त्याच्याकडे आलं. मला म्हणाला, "सर, मजकूर एकदा नजरेखालून घालाल का?" घातला. गाद्यागिरद्यांवर बसून लॅपटॉप चालवणारी हसरी मुलं, केक, एक कुत्रा, आणि वर ठळक अक्षरांत 'आम्ही एक कुटुंब आहोत'. मी विचारलं, ही मुलं कोण? तो जरा ओशाळला. "विकतचे फोटो आहेत, सर."

या व्यवहाराला 'एम्प्लॉयर ब्रँड' म्हणतात. टिम अँब्लर आणि सायमन बॅरो या दोघांनी १९९६ साली एका शोधनिबंधात ही कल्पना मांडली. नोकरीतून माणसाला कामाचे, पैशाचे आणि मनाचे असे लाभ मिळतात, त्यांची मिळून मालकाची एक ओळख तयार होते, आणि मालाच्या ब्रँडसारखी ती सांभाळता येते, असं त्यांचं थोडक्यात म्हणणं. कल्पना वाईट नाही. पण साबणाची उपमा इथं मध्येच तुटते. साबण आवडला नाही तर पुढच्या महिन्यात दुसरा आणता येतो. शिवाय साबण गिऱ्हाइकाची मुलाखत घेत नाही. इथं जो गिऱ्हाईक तोच विकला जाणारा माल. त्याच्याशी गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलायचं आणि नंतर मालासारखं पारखायचं, ही गफलत या पानाच्या मुळातच आहे.

गूगलनं २००४ साली वेगळा प्रयोग केला. सिलिकॉन व्हॅलीत महामार्गालगत एक फलक लावला. त्यावर कंपनीचं नाव नाही, फक्त एक कोडं: 'ई' या गणिती स्थिरांकाच्या सलग अंकांमध्ये सापडणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या, आणि पुढे डॉट कॉम. उत्तर काढलं की त्या पत्त्यावर पुढचं कोडं, ते सुटलं की नोकरीचं बोलावणं. मला हे आवडलं, कारण त्यात स्वतःची स्तुती नव्हती. कामाची चव दिली होती. अर्थात, ज्याला कोडी सुटतात पण सुचलेलं शांतपणे तडीस नेणं जमत नाही, असाही माणूस त्यातून आत येणार. आणि उलटही.

आता नेटफ्लिक्स. रीड हेस्टिंग्ज आणि पॅटी मॅककॉर्ड यांनी कंपनीच्या संस्कृतीविषयी केलेलं सव्वाशेच्या आसपास चित्रपट्ट्यांचं सादरीकरण २००९ साली सगळ्यांसाठी खुलं झालं. सजावट जवळजवळ नाही. सुरुवातीलाच एन्रॉनचा दाखला: ज्या कंपनीनं सचोटी वगैरे मूल्यं मिरवली आणि जी २००१ मध्ये घोटाळ्यात बुडाली. म्हणजे मूल्यं भिंतीवर नसतात. कुणाला बढती मिळते आणि कुणाला काढलं जातं, त्यात ती दिसतात. पुढे सरळ सांगितलंय की आम्ही कुटुंब नाही, संघ आहोत. काम नुसतं बरं असेल तर भरपूर पैसे देऊन निरोप देऊ.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रागच आला. नंतर न्यायदर्शन आठवलं. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण बोलणारा 'आप्त' असला तरच. वात्स्यायनाच्या भाष्यातला आप्त कोण? ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. या कसोटीवर माझ्या विद्यार्थ्याचं पान दोन्ही अंगांनी पडतं: लिहिणाऱ्यानं कंपनी पाहिलेली नाही, आणि सांगणाऱ्याला आहे तसं सांगायचं नाही. नेटफ्लिक्सचा मजकूर कठोर आहे, पण माणसं ठेवणाऱ्या-काढणाऱ्यांनी तो स्वतः लिहिलाय. तेवढ्यापुरते ते आप्त.

तेवढ्यापुरतेच हं. कारण त्यातली प्रसिद्ध कसोटी बघा: हा माणूस सोडून निघाला तर त्याला थांबवायला मी धडपडेन का, असं व्यवस्थापकानं स्वतःला विचारायचं. सगळं जग व्यवस्थापकाच्या डोळ्यांनी दिसतं. ज्याच्याविषयी धडपड होणार नाही, त्याचा आवाज कुठेही नाही. आणि 'संघ' ही उपमासुद्धा सोयीपुरती घेतलीय. अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूच्या पाठीशी मुदतीचा करार असतो, संघटना असते, वाटाघाटी करणारा दलाल असतो. कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याला सहसा यातलं काही नसतं. खेळाडूची शिस्त घेतली, खेळाडूचं संरक्षण वगळलं.

तरीही आपल्याकडच्या 'कुटुंबा'पेक्षा मी तो मजकूर वरचा मानतो. का, ते सांगतो. माझ्या एका स्नेह्यांची नात, कराडची. कॉलेजातच निवड झाली, पत्र आलं, पेढे वाटले. मग रुजू होण्याची तारीख पुढे गेली. पुन्हा गेली. असे चौदा महिने. या काळात दुसरी नोकरी धरावी की नाही, हे घरात कुणालाच ठरवता येईना. आजोबा मला फोन करून विचारायचे, जणू मला माहीत असणार! ती पोर रोज त्या कंपनीचं पान उघडून बघायची. तिथं रोज तीच हसरी माणसं, 'तुमचा प्रवास इथून सुरू होतो'. तिच्या तारखेविषयी एक अक्षर नाही. घरच्या माणसानं असं केलं असतं तर आपण त्याला काय म्हटलं असतं?

कांट म्हणतो, माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका. या मोठ्या वाक्याचा करिअर पानावरचा अर्थ मला अगदी छोटा दिसतो. अर्ज केलेल्याला उत्तर द्या. फेऱ्या किती, निर्णय किती दिवसांत, पगार कुठून कुठपर्यंत, बंधपत्र असेल तर किती रकमेचं, हे अर्ज भरण्याआधी दिसू द्या. रंगसंगतीवर बैठकांमागून बैठका होतात. नकाराच्या पत्राचा मजकूर मात्र यंत्रातून जसा येतो तसा जातो. माझ्या मते संकल्पनकाराची खरी परीक्षा त्या नकाराच्या पत्रात आहे. ते वाचणारे नेमणूकपत्र वाचणाऱ्यांच्या कितीतरी पट असतात.

विद्यार्थ्याला मी हे सगळं लिहून दिलं. त्यानं ते कंपनीपुढे ठेवलंही, हे त्याचं धाडस. पगाराचा मुद्दा पहिल्याच बैठकीत उडाला, बंधपत्राचाही. फेऱ्यांची माहिती राहिली. 'कुटुंब' गेलं नाही, दुसऱ्या परिच्छेदात सरकलं. फोटो मात्र बदलले, आता तिथल्याच माणसांचे आहेत. त्यातली एक बाई जरा कंटाळलेली दिसते. कंपनी तो फोटो काढा म्हणत होती. यानं हट्टानं ठेवलाय.

असो. वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ या.